सासरच्या आडनावास : अटी कळविण्याबाबत

प्रति,
रा. रा. होणारे आडनाव,
मु. पो. सासर, जि. नाशिक

विषय : आपली माझ्या नावाच्या शेवटी नेमणूक.
संदर्भ : होणाऱ्या सासूबाईंचा फोन, आणि त्यावर आलेले इतर सर्व फोन.

सा. न. वि. वि.

गंगापूर रोडचं लॉन्स ठरलं, केटरर ठरला, मांडे करणाऱ्या बायका कुठून येणार हेही ठरलं. ठरायचे राहिलात ते फक्त तुम्ही. म्हणजे मला तसं वाटत होतं. परवा होणाऱ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "लग्न झालं की लगेच आधार बदलून घे गं, पुढे पुढे राहून जातं." तेव्हा कळलं की तुमची नेमणूक कधीच झाली आहे. अर्ज नाही, मुलाखत नाही, मला विचारणं तर नाहीच. आजकाल शिपायाची जागा भरायची तरी जाहिरात द्यावी लागते.

म्हणून हे पत्र. तुमचं नाव मात्र मी त्यात लिहीत नाही. देवळा-सटाण्याकडच्या कुठल्याही मांडवात तुमच्या नावाने हाक मारली तर अर्धा मांडव वळून बघतो. एवढ्या लोकांना एकदम उत्तर द्यायची माझी तयारी नाही.

होणाऱ्या नवऱ्याचं मत आधी नोंदवून ठेवते, म्हणजे तो विषय मिटेल. तो म्हणतो, "तुला वाटेल ते कर." ऐकायला हे फार पुढारलेलं वाटतं. त्याचा अर्थ असा की खिडकीसमोर रांगेत तूच उभी राहा आणि आईशीही तूच बोल.

आता तुमचा एक गैरसमज. लग्न झालं की बायकोने तुम्हाला धारण केलंच पाहिजे असा कायदा या देशात नाही. कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत मुंबई उच्च न्यायालयाने दुरुस्ती करून लग्नाआधीच्या नावाने अर्ज करायला वाट करून दिली, त्याला आता दहा वर्षं उलटून गेली. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलायची गरज नाही, हे २०१७ साली खुद्द पंतप्रधानांनी सांगितलं. आणि त्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका छापल्या जातात आपल्याच नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तिथून निघताना आडनावाची जागा रिकामी असते. छापखान्याला तुमच्याबद्दल काहीही म्हणायचं नाही. म्हणायचं असतं ते सोसायटीच्या वॉचमनला, गॅस एजन्सीला आणि चुलतसासऱ्यांना.

पण म्हणून मी नाव बदलण्याच्या विरोधात आहे असं समजू नका. उलट, नाव बदलून माणसाचं केवढं भलं होतं याची उदाहरणं नाशिक जिल्ह्याइतकी दुसरीकडे क्वचित सापडतील. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव घ्या. शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं, गोपाळरावाचा सयाजीराव झाला आणि बदल्यात त्याला बडोद्याचं राज्य मिळालं. आडनाव तर बदलावंही लागलं नाही. गायकवाडच होता, गायकवाडच राहिला. याला म्हणतात सौदा.

किंवा आपले तात्यासाहेब घ्या. जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांनी दत्तक घेतलं आणि विष्णू वामन झाले. नाव गेलं, मधलं नाव गेलं, पण आडनावाला धक्का नाही. तेवढ्यानेही भागलं नाही म्हणून त्यांनी तिसरं नाव स्वतःच घेतलं, तेही एकुलत्या एक लाडक्या बहिणीवरून : कुसुमचा अग्रज. पुढे ज्ञानपीठ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवीच्या घरी आलं. बहिणीच्या नावाने ओळखलं जाण्यात या माणसाला कमीपणा वाटला नाही, आणि गावालाही वाटला नाही. आता एखाद्या नाशिककर जावयाला बायकोच्या नावावरून ओळख घ्यायला सांगून बघा. रविवार कारंजापासून कॉलेज रोडपर्यंत चहाच्या टपऱ्यांना आठवडाभराचा विषय मिळेल.

मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. पुरुष नाव बदलतो तेव्हा बदल्यात काहीतरी येतं : गादी, वाडा, शेत, निदान निपुत्रिक काकाची माया. बाईचं काय?

सयाजीरावांचंच पुढे बघू. १८८० साली त्यांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं. बडोद्यात पाऊल ठेवताच त्यांची चिमणाबाई झाली. त्या लवकर गेल्या. मग देवासच्या घाटग्यांची गजराबाई आली. तिचीही चिमणाबाईच झाली. बाई बदलली, नाव तेच. कचेरीत साहेब बदलतो पण दारावरची 'तहसीलदार' ही पाटी तशीच राहते, तसं. या दुसऱ्या चिमणाबाई कमी नव्हत्या. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी १९११ साली पुस्तक लिहिलं, १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षही त्याच झाल्या. सगळं सवतीच्या नावावर, फक्त पुढे 'दुसऱ्या' असा क्रमांक लावून.

निफाडला जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी १८७३ साली कुर्लेकरांची यमुना आली, तिची रमा झाली. कल्याणच्या यमुनेची गोपाळराव जोश्यांकडे आनंदी झाली. त्र्यंबकच्या फाळक्यांकडे गिरिजेची सरस्वती झाली. एवढ्या हुशार बायकांची नावं एका फटक्यात, तांदळाच्या ताटात अंगठीने गिरवून बदलली. पण मी खोटं बोलणार नाही : रमाबाईंचा सौदा वाईट नव्हता. त्यांना मोबदल्यात अक्षरं मिळाली. रानड्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा इथल्या हायस्कुलात त्या पहिल्यांदा पाहुण्या म्हणून लोकांसमोर उभ्या राहिल्या. भाषण नवऱ्याने लिहून दिलेलं होतं खरं, पण पुढे त्यांना कोणी लिहून द्यायची गरज पडली नाही. शिकणाऱ्या बायकोवर घरातल्या बायका बोलत होत्या तेव्हा नवरा तिच्या बाजूला होता. एवढं देणार असाल तर बोलणी होऊ शकतात.

तर रा. रा. आडनाव, तुम्ही काय देता?

बडोदा नाही, हे मला माहीत आहे. अक्षरं माझी मी शिकले आहे. तुमच्याकडून आतापर्यंत जी यादी आली आहे ती घ्यायची नसून करायची आहे : आधार, पॅन, बँक, मतदार यादी, रेशनकार्ड, पीएफ, विमा, वाहन परवाना, झालंच तर राजपत्र. डिग्रीवर मात्र जुनंच नाव राहणार, त्यामुळे पुढे प्रत्येक नोकरीत 'ही आणि ती एकच' असं प्रतिज्ञापत्र. शिवाय आधारवर नाव बदलायची सोय नेहमीच्या वाटेने दोनदाच आहे. एकदा तुमच्यासाठी खर्च केली की हातात एकच उरते. ती मी जपून ठेवावी की नाही, हे तुमच्या चिरंजीवांच्या वागण्यावर अवलंबून राहील.

त्यात तुमचं म्हणणं सरकारला तरी पटतं का, तेही मला कळत नाही. उद्या मला जातीचा दाखला लागला तर कागद वडिलांकडचे लागतील, कारण लग्नाने जात बदलत नाही. नॉन-क्रीमी लेयर काढायचं तर उत्पन्न आईवडिलांचं बघतात, नवऱ्याचं नाही. म्हणजे जात माहेरची, उत्पन्न माहेरचं आणि पाटी सासरची. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचा फॉर्म आला त्यातही लग्नापूर्वीचं नाव एका ओळीत आणि लग्नानंतरचं दुसऱ्या ओळीत मागितलं होतं. आमच्या भागातल्या सेवा केंद्रावर बायका पदराला घाम पुसत उभ्या होत्या; कोणाच्या बँकेत माहेरचं नाव, आधारला सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी, कारण लिहिणाऱ्याने नवऱ्याचं नावच चुकवलं होतं. बहीण म्हणून हाक मारायची तर माहेरच्या नावाने मारावी, एवढं साधं कुठल्याही भावाला कळतं.

भावावरून आठवलं. सातबारा. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर राखीच्या आसपास हक्कसोडीचे कागद निघतात. गंमत अशी की सही द्यायची असते तेव्हा सासरच्या नावाची बहीण लगेच ओळखू येते. हिस्सा मागायला तीच उभी राहिली की मात्र 'ही तीच कशावरून' याचा पुरावा लागतो. द्राक्षाच्या बागेला पाणी कमी पडलं तरी चालेल, पण सातबाऱ्यावर बहिणीचं नाव जास्त होऊ नये, अशी काळजी घेणारी घरं मी पाहिली आहेत. तुम्ही त्यांचे नकळत साथीदार असता. रागावू नका.

आणि परतीचं तिकीट? लग्न झाल्यावर तुमच्याकडे यायला मला कोणाची परवानगी लागत नाही. पण २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका बाईने केंद्र सरकारच्या अधिसूचनेविरुद्ध दाद मागितली, तेव्हा मला नवीनच माहिती मिळाली : माहेरचं आडनाव परत घ्यायचं तर घटस्फोटाचा हुकूमनामा द्या, नाहीतर नवऱ्याचं ना-हरकत पत्र. यायला दार सताड उघडं आणि जायला किल्ली घरमालकाकडे. असल्या घरात मी भाड्यानेसुद्धा राहणार नाही.

आता तुमच्या बाजूचं. तुम्ही म्हणाल, बाई, तुझं म्हणून जे आडनाव तू कवटाळून बसली आहेस तेही तुझं कुठे, ते तुझ्या बापाचं. बरोबर. हे मला घरी सगळ्यांनी सांगून झालंय, विशेषतः बापाने. म्हणून मी खोलात जायचं ठरवलं आणि आईकडे आईच्या आईचं माहेरचं आडनाव मागितलं. आईला ते आठवलं. तिच्या आजीचं मात्र आठवेना. मावशीला विचारलं, मामाला विचारलं. गाव सगळ्यांना माहीत, त्या गावचा आंबा सगळ्यांना माहीत, बाईचं आडनाव कोणालाच नाही. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या आहेत, गाव आणि आडनाव सांगितलं की पिढ्यान् पिढ्यांचे पुरुष एका दमात काढून देतात. पण शोधायची सुरुवातच आडनावाने करायची, आणि नेमकं तेच तर हरवलेलं. श्राद्धाला पणजीच्या नावाने पिंड जातो तोही पणजोबाच्या गोत्रातून. तेव्हा माझं आडनाव हे बापाचं आहे हे कबूल. पण ते मी जन्मापासून वापरतेय. चुकीच्या स्पेलिंगसकट ते माझ्या अंगाला बसलंय, आणि शाळेत त्याच्यावरून जेवढं चिडवून घ्यायचं तेवढं मी घेतलंय. तुमच्यावरून चिडवून घ्यायची सुरुवात या वयात नको वाटते.

दोन्ही आडनावं लावायचा सल्ला मला रोज मिळतो. लावलीही असती. पण फॉर्ममधले चौकोन संपतात, आणि माझ्या मुलीने पुढे अशाच जोडआडनावाच्या मुलाशी लग्न केलं तर तिच्या सहीला वही आडवी धरावी लागेल.

बाहेरच्या जगात काय चालतं तेही पाहिलं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९८१ पासून लग्नाच्या निमित्ताने आडनाव बदलताच येत नाही. म्हणजे तुमच्या भाऊबंदांना तिथे कामच नाही. जपानात उलटं : नवराबायकोचं आडनाव एकच हवं असा कायदाच आहे. कोणाचंही घ्या म्हणतो. घेतलं जातं ते शंभरातल्या सुमारे ९५ जोडप्यांत नवऱ्याचं. तेव्हा 'तुला वाटेल ते कर' हे तिकडेही बोलतात असं दिसतं.

आपल्याकडे १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचं शासनाने ठरवलं : मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग तुम्ही. विवाहित बाईचं मात्र पूर्वीसारखंच ठेवलं, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. फक्त मालमत्तेच्या कागदावर लग्नाआधीच्या नावाने नोंद करायची मुभा दिली. म्हणजे जमीन-घराच्या कागदांवर मी जुनीच बरी आणि हळदीकुंकवाच्या यादीत नवी, असं शासनाचंही मत दिसतं. मला ते एवढं चुकीचं वाटत नाही. हळदीकुंकवाला तुमच्या नावाने हाक मारली तर मी ओ देईन. दिवाळीच्या फराळाच्या डब्यावर तुमचं नाव असेल तर डबाही परत करीन, रिकामा नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांचं माहेरचं पहिलं नाव वेगळंच होतं, हे मला साखरपुड्याला त्यांच्या भावामुळे कळलं. तो त्यांना त्या नावाने हाक मारत होता आणि घरातल्या कोणालाही ही बाई कोण ते कळत नव्हतं. त्यांनी मात्र एकदम मान वळवली. आधार बदलण्याची त्यांची घाई मला तेव्हापासून थोडी समजते. आपण केलं ते दुसरीने केलं नाही, तर आपलं करणं उगीचच होतं की काय अशी शंका येते. त्यांना उत्तर मी फोनवर देणार नाही. घरी जाऊन, चहा पिऊन देणार आहे. तुमच्याशी तेवढी सलगी नसल्याने हे लेखी.

तरी, बदल्यात आपण काय देऊ इच्छिता ते साध्या कागदावर लिहून, मुदतीत कळवावे. बडोदा शक्य नसल्यास निफाडकडचं एखादं शेत चालेल. सातबाऱ्यावर माझं नाव मी सांगेन तसंच हवं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
(सही जुनीच)

प्रत माहितीस्तव :
१) होणारा नवरा. 'तुला वाटेल ते कर' हे उत्तर यापुढे ग्राह्य धरलं जाणार नाही.
२) आत्या. सल्ला मिळाला, आभारी आहे. पुढचा फोन लग्नानंतर.
३) लॉन्सचे मॅनेजर. फाटकावरच्या फलकात वधूचं आडनाव छापून आल्याशिवाय उरलेले पैसे मिळणार नाहीत, आणि या वेळी त्यात वेलांटी पहिली काढावी.