पत्र्याचा भाव, छपराचा खर्च

कोकणात घरावर पत्रा घालायचं ठरलं की पहिला आकडा स्वस्त वाटतो, कारण तो फोनवर सांगितलेला असतो. दुकानदार चौरस फुटाचा भाव सांगतो, आपण घराचं क्षेत्रफळ घरपट्टीच्या पावतीवरून उचलतो, गुणाकार करतो आणि घरात जाहीर करतो, "होऊन जाईल!" गुणाकार अगदी बरोबर असतो. फक्त तो छपराचा नसतो, जमिनीचा असतो.

समजा घर २५ फूट बाय ४०, म्हणजे १००० चौरस फूट. पण आमच्याकडे पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. भिंती भिजू नयेत म्हणून चहूकडून दोन-दोन फूट वळचण बाहेर काढावी लागते. झाले १२७६. त्यात छप्पर काही टेबलासारखं सपाट नसतं. ३० अंशांचा उतार धरला की तेच १२७६ फूट पावणेपंधराशेच्या घरात जातात. एका पत्र्यावर दुसरा चढतो ती जोड, आढ्यावरचा कोन आणि पन्हळ अजून यायचेच आहेत.

मग फॅब्रिकेटर येतो. टेप लावतो, वर बघतो, एक वासा नखाने टोकरतो. नखाबरोबर भुसा खाली येतो. "काका, पत्र्याचं काय घेऊन बसलात? खरा खर्च पत्र्याच्या खाली आहे." वाळवीने खाल्लेल्या वाशांवर नवा पत्रा ठोकायला तो तयार नसतो, आणि त्याचं बरोबरच असतं. लाकूड उतरवून लोखंडी बॉक्स पाइप चढतात. इथपासून हिशेब कोणाच्याच हातात राहत नाही, कारण प्रत्येक गोष्टीचं माप वेगळं. पत्रा फुटावर, लोखंड किलोवर, मजुरी चौरस फुटावर, स्क्रू नगावर, टेम्पो खेपेवर आणि चहा मोजायचाच नाही. शेवटी हळूच प्रश्न येतो, "पक्कं बिल हवंय ना?" हवं असेल तर १८ टक्के जीएसटी.

सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे स्क्रू, आणि सगळं घर त्याच्यावर अवलंबून. त्याच्या टोपीखाली काळ्या रबराची चकती असते. स्क्रू ढिला राहिला तर पाणी आत येतं. पोराने मशीन जरा जास्त दाबलं तर चकती चेपून बाहेर येते, आणि दोन पावसाळ्यांनी पाणी तरीही आत येतं. ग्राइंडरने पत्रा कापताना उडालेला लोखंडी कीस तसाच वर राहिला, तर खाऱ्या हवेत नव्याकोऱ्या निळ्या छपरावर तांबडे ठिपके उठतात. म्हणून काम चालू असताना खाली खुर्ची टाकून बसावं. कामगारांना ते आवडत नाही, तरी बसावं.

पत्रा हलका असतो हे कौतुकाने सांगतात. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साधारण चार किलो भरतो, मंगलोरी कौलं त्याच्या आठ-दहा पट. पण हलकेपणा वाऱ्यालाही कळतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलं फुटली आणि पत्रे उडाले. नंतर पत्रा मिळेना, मिळाला तर चढ्या भावाने.

बाकीचा खर्च पावतीवर येत नाही. एप्रिलच्या दुपारी माळ्यावर आंबेसुद्धा लवकर पिकतात, मग खाली सीलिंग आलं. आषाढात टीव्ही ऐकू येत नाही आणि नवराबायकोचं संभाषण खुणांवर येतं. काही घरांत ही सोय मानली जाते. रात्री छप्पर एकदम 'टण्' वाजतं. पाहुणे दचकतात. भूत नसतं ते. वीस फुटी पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो आणि थंड होताना तेवढाच आक्रसतो.

एवढं असून लोक पत्रा का घालतात? कौलं फोडणाऱ्या माकडांमुळे. आणि दर वैशाखात वर चढून कौलं परतणारी माणसं आता मिळत नाहीत म्हणून. मिळतो तो माणूस साठीचा, आणि त्याला शिडी चढताना बघून आपल्यालाच घाम फुटतो. गणपतीला आलेले मुंबईकर भाऊबंद मान वर करून हळहळतात, "छे, आपलं पारंपरिक कौलारू घर गेलं!" त्या परंपरेचा पहिला कारखाना जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळुरात काढला. त्यांचा उपदेश आमच्या वाडीपर्यंत पोचला नाही, कौलं पोचली. त्याआधी नळे होते, गवत होतं. तेव्हाही कोणीतरी हळहळलं असेलच. आणि हळहळणाऱ्याने वर्गणी दिल्याचं तेव्हाही कोणी पाहिलं नसेल.

माझं मत विचाराल तर पत्रा घाला. पण फोनवरच्या आकड्यावर विश्वासून जुनं छप्पर उतरवू नका. फॅब्रिकेटरकडून पत्र्याची जाडी, लोखंडाचं वजन, कोन, पन्हळ, स्क्रू, वाहतूक सगळं एका कागदावर लिहून घ्या. आणि उतरवलेली कौलं खळ्यात ढीग करून फोडू नका. जुन्या कौलांना गिऱ्हाईक असतं, रिसॉर्टवाले ती शोधत येतात. सगळ्या अंदाजपत्रकात आपल्या बाजूने धरायची तेवढी एकच रक्कम आहे, आणि नेमकी तीच लिहायची राहते.