नानांची एक शंका

कृषी खात्याच्या भात शेतीशाळेत विषय ठरलेला असतो, वेळ ठरलेली असते आणि त्या दोन्हींचं पुढे काय करायचं ते नाना ठरवतात. कर्जत-खालापूरच्या गावांत त्यांचं नाव बदलतं, कुठे तात्या, कुठे भाऊ, पण माणूस तोच. साठी ओलांडलेला, खोपोलीच्या कारखान्यात नोकरी करून सुटलेला, दोन-अडीच एकर खाचरांचा धनी. शाळा देवळात भरते. नाना खांबाला टेकून बसतात, कारण तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात.

कृषी खात्याच्या मॅडम भाताची चारसूत्री लागवड समजावत असतात. डॉ. नारायण सावंतांनी बसवलेली ही पद्धत आकड्यांत चोख आहे: दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा, आणि दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी, खोचायची, वजन २.७ ग्रॅम. इथे नानांचा हात वर जातो.

‘मॅडम, एक शंका. ग्रॅम म्हणालात ना? सोनं आज काय भावानं आहे?’

ग्रॅमवरून सोनं, सोन्यावरून पाटलांच्या पोरीचं लग्न, लग्नावरून कर्जतचा हॉल, हॉलवरून स्टेशनबाहेरचा वडा आणि वड्यावरून चुकलेली खोपोली लोकल. एवढा प्रवास पाच मिनिटांत होतो. मॅडम २.७ वरच उभ्या असतात. दोरीचं नाव काढलं की नानांना मोजणीची साखळी आठवते, साखळीवरून शेजारचा फार्महाऊसवाला आणि त्यानं बांधावर घातलेलं कुंपण. हा विषय मात्र नाना एकट्यानं चालवत नाहीत. त्यावर सगळ्या देवळाला बोलायचं असतं.

दोन्ही तालुक्यांच्या एकत्र मेळाव्यात नानांसमोर दुसरे नाना येतात, आणि मग भाताचं काही खरं नसतं. खालापूरचे नाना आपल्या खोपोलीचा इतिहास काढतात. बोरघाटातून गाडी चढली १८६३ साली, खोपोलीला ती १८५६ मध्येच आली होती. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. कर्जतचे नाना हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि एकच विचारतात, ‘उन्हाळ्यात भात कुणाकडं पिकतं?’ भिवपुरीला वीज तयार झाल्यावर पाणी पेज नदीत सुटतं, तिथून राजनाल्यात येतं आणि ऐन उन्हाळ्यात डोंगर करपलेले असताना नाल्याकाठची खाचरं हिरवी असतात. खोपोलीचं पाणी पाताळगंगेतून बरंचसं कारखान्यांकडे जातं. खालापूरचे नाना यावर महडचा वरदविनायक काढतात. अष्टविनायकातला गणपती कर्जतकरांकडे नाही, त्यामुळे सामना बरोबरीत सुटतो.

नवख्या सहायक कृषी अधिकाऱ्याला वाटतं, या माणसाला गप्प बसवलं तर शाळा वेळेत संपेल. संपेलही. पण ब्रिकेट लावणीच्या दिवशीच खोचायची असते, म्हणजे त्या दिवशी हात हवेत. वाडीवरच्या बाया मंगळवारी कुणाच्या खाचरात आहेत, कुणाचा पॉवर टिलर बिघडलाय, पाटलांकडची सावड कधी फिटणार, हे कुठल्याही घडीपत्रिकेत छापलेलं नसतं. ते लग्नाच्या आणि लोकलच्या गप्पांतूनच कळतं. पाटलांचं लग्न आधी आटपलंय, तेव्हा त्यांची चार माणसं मोकळी आहेत, हा शोध नानांच्या सोन्याच्या भावातूनच लागलेला असतो.

मग दुसऱ्या पद्धतीचा विषय निघतो. नेरळजवळच्या मालेगावला सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र उभं केलं. नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. गादीवाफ्यावर लोखंडी साच्यानं भोकं पाडायची आणि बी टोकायचं. हे ऐकल्यावर नाना काळजीत पडतात. लावणीच नाही तर लावणीच्या जेवणाचं काय? लोक हसतात. मागे बसलेल्या बायका मात्र हसत नाहीत. आषाढाच्या पावसात दिवसभर कमरेत वाकून ज्या उभ्या राहतात त्यांना साच्यात पहिल्यापासून रस असतो. शेतीशाळांची ही गंमतच आहे, चिखलात बायका आणि शंका विचारायला नाना. एखादी आजी मागून ओरडते, ‘साचा कितीला मिळतो ते सांगा आधी!’ त्या दिवसाचा शेतीचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि त्याचं उत्तर मॅडमच्या आधी नाना देतात. साचा कुणाच्या पडवीत पडून आहे, तो कुणाकडून मागायचा आणि मागताना कोणता विषय काढायचा नाही, हे सगळं त्यांना पाठ असतं.

बियाण्याचंही तसंच. कर्जतच्या संशोधन केंद्राचं ‘कर्जत ३’ हळवं, चार महिन्यांच्या आत हाती येणारं. मॅडम त्याचे गुण सांगतात. नाना सांगतात, त्याचे पोहे कुणाच्या घरी चांगले होतात. अर्धं देऊळ बियाणं लिहून घेतं आणि अर्धं घराचं नाव.

एखादी मॅडम पुढे हुशार होते. खोडकिडीचा धडा सुरू करण्याआधी विचारते, ‘नाना, तुमची शंका आधी.’ नाना थोडे गडबडतात. टोपी काढून पुन्हा घालतात.

‘किडीचं बघू. रानडुकराला काय औषध आहे का?’

तो विषय वनखात्याचा, हे मॅडमनी सांगेपर्यंत मागच्या ओळीत पेंगणारासुद्धा उठून बसलेला असतो.