सोफा कोणाचा, हे गावाला विचारू नये

"काय गो, ऐकलंस का? कोपऱ्यावरल्या घरातला सोफा परत आला."

"परत आला म्हणजे? काल टेम्पोत घालून नेला ना, काकी? मी ऑफिसातून येत होते तेव्हा बसस्टॉपजवळ टेम्पो उभा होता. दोन पोरं, हातमोजे-बितमोजे घालून."

"तेच ते हातमोजेवाले. सोफा सकाळी किल्ल्याच्या मागल्या अंगाला दगडांत उताणा पडलेला. त्याच्या गाद्या भरतीनं पार होड्यांपर्यंत आणल्या. संगती फरश्यांचे तुकडे, एक फुटकं कमोड, आन् थर्माकोल तर विचारूच नको."

"पण तो त्यांचाच कशावरून?"

"अगो, त्या सोफ्यावर अख्खं गाव बसलंय! मोठ्या पोरीच्या साखरपुड्याला मी मधल्या जागेवर होते. खालून स्प्रिंग अशी टोचत होती की नवऱ्यामुलाचं नावसुद्धा मना ऐकू आलं नाय."

"अरे देवा. लग्न आठवड्यावर आलंय आणि हे काय?"

"म्हणून तर घाई झाली. हळदीला पाहुणे येणार, रंगारी खोळंबलाय, आन् माळ्यावर आजोबांच्या काळापासूनचा पसारा. मग पोरानं फोनवर कोणतरी शोधलं. घर रिकामं करून देतो म्हणे, तुम्ही फक्त दार उघडा."

"त्याने मला दाखवलं होतं. वस्तूंचे फोटो पाठवायचे, मग ते टेम्पोच्या भरतीवर भाव सांगतात. पाव टेम्पो, अर्धा, पूर्ण. वजन बघत नाहीत, जागा बघतात."

"तिथंच फसला तो. रिकामी पिंपं तशीच उभी दिली, खोके तसेच दिले. हवेचे पैसे भरले बग. मना विचारलं असतं तर सांगितलं असतं, एका पिंपात दुसरं घाल, खोके फोड, खुर्च्यांचे पाय काढ. अर्ध्या टेम्पोत मावला असता सगळा माल."

"आणि आपली गल्ली? इथं दोन माणसं समोरासमोर आली की एकाला ओट्यावर चढावं लागतं. टेम्पो आत येणार कुठून?"

"आला कुठं? ठरला होता भाव टेम्पोचा. इथं आल्यावर म्हणाले, दारापासून टेम्पोपर्यंतची हमाली वेगळी, ती पण फेरीमागे. सोफा वळवायला जागा नाय म्हणून समोरच्यांच्या पायरीवरनं उचलून न्यावा लागला, त्याचे आणखी. घरातली बाय नुसती बोटं मोजत बसली होती."

"बोलताना गल्लीचा एक फोटो पाठवला असता, तर तिथंच सगळं कळलं असतं. घरातल्या वस्तूंचे पंचवीस फोटो काढतात आणि दाराबाहेरचा एक काढत नाहीत."

"पैशाचं सोड गो. तिच्या सासूचं पितळेचं घंगाळ गेलं."

"काय सांगता!"

"माळ्यावर काळंठिक्कर पडलेलं. पोराला वाटलं लोखंड हाय. पितळेला लोखंडाच्या कितीतरी पट भाव, आन् ह्यांनी ते उचलून न्यायचे पैसे दिले! म्हातारी सकाळपासून जेवली नाय. आमच्या वेळेला असं नव्हतं बाय. ज्या वस्तूला जो गिऱ्हाईक, त्यालाच ती जायची. जुन्या साड्या भांडीवालीला, त्यावर एक पातेलं मिळायचं. रद्दी रद्दीवाल्याला. मोडकी खुर्ची शिमग्याला पोरंच पळवायची, आपल्याला विचारायची पण नाय."

"आताही तसंच जातं, काकी. फक्त आपल्याला दिसत नाही. आपला भंगारवाला लोखंड वेगळं करतो, ते पुढं रे रोडला दारूखान्याकडे वगैरे जातं. जुन्या बोटी तोडतात, तिथंच. प्लॅस्टिक जातं धारावीला, तेरा कंपाउंडला. रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे निवडतात, मशीनमध्ये तुकडे करून धुतात आणि त्याचे दाणे पाडतात. जुन्या सागवानी कपाटाला चोरबाजारात मटन स्ट्रीटवर अजून गिऱ्हाईक मिळतं."

"आन् जाळी? ती पण दिली त्यानं तशीच गुंडाळून. शिशाच्या गोळ्या काढल्या नाय, बोया काढल्या नाय, दोर काढले नाय. शिसं तर भंगारवाला हातावर पैसे ठेवून नेतो. नाखव्याच्या घरात जन्म घेऊन हे कळू नये?"

"तो बँकेत आहे ना हो."

"मग निदान हिशेब तरी कळायला हवा!"

"पण मला सांगा, घंगाळ, लोखंड, रद्दी, जाळी बाजूला काढल्यावर उरलं काय? फाटका सोफा, कापसाच्या गाद्या, थर्माकोल आणि न्हाणीघर फोडलं त्याचं डेब्रिज. हे फुकटसुद्धा कोणी नेत नाही. टेम्पोला पैसे द्यायचे ते एवढ्यासाठीच. आणि डेब्रिज तर सोफ्याबरोबर द्यायचंच नसतं."

"का गो? दगडमातीच ती."

"त्याचे नियम वेगळे आहेत, २०१६ सालापासून. महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल म्हणून सोय आहे. १९१६ ला फोन करायचा, नाहीतर वॉर्ड ऑफिसला विचारायचं. आपला जी दक्षिण, ना. म. जोशी मार्गावरचा. ते डेब्रिज दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला नेतात. तिथं कारखान्यात दळून त्याची वाळू-खडी करतात, पेव्हर ब्लॉक करतात."

"म्हणजे त्यांच्या न्हाणीघरावरनं उद्या कोणतरी चालणार."

"किल्ल्यामागं टाकलं नसतं तर चाललं असतं."

"मग ते टेम्पोवाले तिकडे का नाय घेऊन गेले?"

"काकी, टेम्पोवाल्याचा फायदा कशात असतो? तुमच्याकडून पैसे घेतले की त्याचं काम झालं. पुढं लांब जायचं म्हणजे डिझेल, रांग, वेळ. तेवढ्यात दुसरी भरती होते. म्हणून काळोखात कुठंतरी खाली करून मोकळा. सगळेच तसे नसतात. पण आपण विचारतो काय? किती घेणार आणि कधी येणार. कुठं टाकणार, हे कोणी विचारतच नाही."

"विचारलं तर खरं सांगेल का तो?"

"विचारलं आणि गडबडला, तर तिथंच कळतं की. ज्याच्याकडे नीट उत्तर असतं तो नाव घेऊन सांगतो. भंगार अमक्या गोदामात देतो, डेब्रिज तमक्या ठिकाणी. वर पावती मागायची, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. आणि सगळे पैसे आधी द्यायचे नाहीत."

"पोरानं तर फोनवरनंच सगळे भरून टाकले. आता फोन लावतोय, तिकडनं कोण उचलत नाय. सकाळी मुकादम येऊन गेला. दंडाची गोष्ट काढली त्यानं."

"त्याला तरी कसं कळलं?"

"गादीच्या खोळीत लाइटचं बिल! नाव, पत्ता, सगळं. नवऱ्यामुलाकडली माणसं हळदीला येणार त्याच वाटेनं, आन् तिथं हे प्रदर्शन. शेवटी गल्लीतल्या पोरांनी दोर लावून सोफा वर ओढला. ओला झाल्यावर जड किती झाला असेल! आता उभा हाय त्यांच्याच दारात, पाणी गळतंय."

"बिचारे. पण एक बोलू? गेल्या महिन्यात सभेत आपणच काय काय बोललो. सगळी घाण वरून येते, मिठी नदी माहीमच्या उपसागरात ओतते आणि आपल्या तोंडावर आणून टाकते. जाळ्यात मासळी कमी आणि पिशव्या जास्त."

"खोटं हाय का ते?"

"खोटं नाही. पण हा सोफा काही मिठीतून आला नाही."

"..."

"काकी?"

"ऐकते गो. तू शिकलेली, तुझं बरोबर. पण आपण जे नीट घंटागाडीत टाकतो, ते तरी कुठं जातं?"

"आता बहुतेक कांजूरमार्गला. आधी देवनार होतं, ते तर १९२७ पासूनचं, तीनशे एकरांच्या वर पसरलेलं. मुलुंडचं २०१८ ला बंद केलं. कुठंही न्या, कोणाच्या तरी घरासमोरच पडतं. देवनारला आग लागली तेव्हा तिथल्या माणसांनी धूर खाल्ला ना, २०१६ साली."

"आठवतंय. टीव्हीवर दाखवत होते, पोरं तोंडाला रुमाल बांधून शाळेत निघालेली. तेव्हा मी आपलं म्हटलं, बरं झालं बाय, आपण समुद्राकाठी राहतो."

"आणि आता?"

"आता तुझ्या दारातलं ते मोडकं कपाट बगते हाय. कवा काढतेस?"

"रविवारी म्हणत होते. चांगला भंगारवाला बोलावून पत्रा त्याला देते. आरसा आणि प्लायचे तुकडे राहतील, त्याला टेम्पोच लागेल."

"मग एकच टेम्पो सांगू. अर्धं भाडं तुझं, अर्धं माझं. गल्लीचा फोटो तू पाठव, कुठं टाकणार ते मी विचारते. माझा आवाज टेम्पोवाल्याला पुरे."

"तुमच्याकडे काय आहे पण? तुम्ही तर सगळं वेळच्या वेळी काढता."

"एक कापसाची गादी हाय. दोन फुटकी पिंपं, एकात एक घालून ठेवलीत. आन् तुझ्या काकांचं ते होडीचं जुनं मशीन. सी-लिंक उघडली त्याच्या आधीपासनं मोरीजवळ पडलंय. दुरुस्त करतो म्हणतात, दुरुस्त करतो. त्याच्या अंगावर मी कपडे वाळत घालते. टेम्पोतनं दारूखान्याला गेलं तर लोखंडाचे बरे पैसे येतील ना?"

"येतील की. पण काकांना विचारलंत?"

"टेम्पो रविवारचा नको, शुक्रवारचा सांग. शुक्रवारी ते मंडळाबरोबर कार्ल्याला एकवीरेला जाणार हायत. रात्रीपर्यंत येत नाय."