श्रेकचे चार अब्ज कुणाचे?

सिनेमाच्या पानावर सर्वांत मोठ्या टायपात छापला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा मजकूर म्हणजे गल्ल्याचा आकडा. शुक्रवारी चित्रपट लागतो, सोमवारी आकडा येतो आणि मंगळवारपर्यंत तो यशाचा दाखला होऊन बसतो. हा पैसा नेमका कुणाच्या हाती पडला, हा प्रश्न त्या बातमीत नसतोच. माझा राग त्या गाळलेल्या प्रश्नावर आहे. तो प्रश्न ‘श्रेक’ला विचारून बघा, सगळा धंदा उघडा पडतो.

आधी सगळ्यांना दिसणारी बाजू. विल्यम स्टाइग यांचं १९९० मधलं छोटंसं चित्रपुस्तक, त्यातला हिरवा, दलदलीत राहणारा राक्षस. ड्रीमवर्क्सनं २००१ मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला. खर्च सुमारे ६ कोटी डॉलर, जगभरचा गल्ला ४८ कोटींच्या पुढे. २००४ चा दुसरा भाग ९३ कोटींच्या आसपास गेला आणि त्या वर्षी जगात त्याच्याइतका गल्ला दुसऱ्या कुठल्याच चित्रपटाचा नव्हता. २००७ चा तिसरा ८१ कोटी, २०१० चा चौथा ७५ कोटी. मग मांजराची पाळी आली: २०११ चा ‘पुस इन बूट्स’ साधारण ५५ कोटी, २०२२ चा ‘द लास्ट विश’ ४८ कोटी. सहा चित्रपटांची बेरीज ४ अब्ज डॉलरच्या घरात जाते.

ही बेरीज प्रेक्षकांनी खिडकीवर मोजलेल्या पैशांची आहे. ती चित्रपट काढणाऱ्याची कमाई धरली जाते, तिथेच गफलत होते.

अमेरिकेत तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाला ठेवतो. परदेशांत स्टुडिओच्या हाती त्याहून कमी येतं, साधारण चाळीस टक्के धरा. चीनमध्ये तर पाव हिस्सा. दुसऱ्या ‘श्रेक’नं अमेरिका-कॅनडात ४४ कोटी जमवले आणि बाकीच्या जगात त्याहून थोडे जास्त. ढोबळ हिशेब मांडला तर ९३ कोटींमधले चाळीस-बेचाळीस कोटी परत आले. त्यातून जाहिरात, हजारो थिएटरांसाठीच्या प्रिंट, वितरणाचा खर्च आणि मूळ निर्मितीचा खर्च वजा करायचा. पात्रांना आवाज देणाऱ्या मायर्स, मर्फी आणि डियाझ या तिघांना दुसऱ्या भागासाठी प्रत्येकी एक कोटी डॉलर मिळाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या, तेही यातूनच. मथळ्यातला ९३ चा आकडा इथवर येईतो ओळखू येणार नाही इतका रोडावतो.

मग ड्रीमवर्क्स श्रीमंत झालं कशावर? घराघरांतल्या टीव्हीखालच्या कप्प्यावर.

पहिला ‘श्रेक’ २ नोव्हेंबर २००१ ला व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडीवर आला. पहिल्या तीन दिवसांत ७० लाखांच्या आसपास प्रती खपल्या आणि उलाढाल १० कोटी डॉलरच्या वर गेली. चित्रपटाचा खर्च ६ कोटी होता, हे लक्षात घ्या. तारीखही सहज निवडलेली नव्हती. त्याच दिवशी पिक्सारचा ‘मॉन्स्टर्स इंक.’ थिएटरात लागत होता. तीन वर्षांनी, ५ नोव्हेंबर २००४ ला, ‘श्रेक २’ची डीव्हीडी आली आणि त्याच दिवशी थिएटरात पिक्सारचा ‘द इनक्रेडिबल्स’. घरात विकायची डीव्हीडी थेट थिएटरातल्या नव्या चित्रपटाच्या अंगावर सोडली जायची, इतकं तिचं वजन होतं.

ते वजन का, हे आकड्यांनीच कळतं. २००४ मध्ये अमेरिकेत सिनेमाच्या तिकिटाची सरासरी किंमत सहा डॉलरच्या थोडी वर होती. त्यातले तीनेक डॉलर स्टुडिओला. डीव्हीडी मात्र दुकानदाराला घाऊक भावात पंधरा-एक डॉलरला जायची. तबकडी बनवायला, डबीत भरायला आणि पोचवायला त्यातला थोडाच भाग लागे. म्हणजे एक डीव्हीडी खपली की तीन-चार प्रेक्षक थिएटरात आल्याइतके पैसे मिळत. शिवाय मोठ्यांच्या चित्रपटाची डीव्हीडी भाड्यानं आणून भागत होतं, पोरांच्या चित्रपटाचं तसं नव्हतं. चार वर्षांचं मूल एकच चित्रपट शंभरदा बघतं आणि आई-बाप मुकाट्यानं विकत घेतात. ‘श्रेक २’च्या डीव्हीडीवर तर पात्रांच्या गायनस्पर्धेचा खास तुकडा होता, त्यात टीव्हीवरच्या गायनस्पर्धेचा परीक्षक सायमन कॉवेलही होता. थिएटरात बघितलेल्यांनी पुन्हा पैसे मोजावेत म्हणून केलेली ती सोय होती.

हे डिस्नेनं आधीच ओळखलं होतं. १९९४ मध्ये त्यांनी ‘अलादीन’चा पुढचा भाग ‘द रिटर्न ऑफ जाफर’ थिएटरात न लावता सरळ कॅसेटवर विकला. स्वस्तात काढला, लाखोंनी खपला. १९९५ मध्ये ‘द लायन किंग’च्या कॅसेटा तीन कोटींच्या आसपास गेल्या. या धंद्याचं गणित ड्रीमवर्क्सच्या संस्थापकांपैकी एक कॅट्झेनबर्ग डिस्नेमध्ये शिकले आणि तिथून बाहेर पडून ड्रीमवर्क्समध्ये त्यांनी ते वापरलं.

आता या गोष्टीतला सर्वांत बोलका प्रसंग. ड्रीमवर्क्स ॲनिमेशन २८ ऑक्टोबर २००४ ला शेअर बाजारात उतरली. भाव २८ डॉलर, पहिल्याच दिवशी उसळी. आठवड्याभरात ‘श्रेक २’ची डीव्हीडी. कोट्यवधी प्रती दुकानांकडे रवाना झाल्या. माल रवाना झाला की कंपनीच्या वहीत विक्री मांडली जाते. दुकानदाराला न खपलेला माल परत करायची मुभा असते, त्यामुळे किती परत येईल याचा अंदाज बांधून तेवढी रक्कम बाजूला ठेवायची असते. दिवाळी अंकांच्या धंद्यात असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: तुळशीच्या लग्नापर्यंत स्टॉलवरचे गठ्ठे परत यायला लागतात तेव्हा कुठे संपादकाला कळतं की अंक खरंच किती खपला.

‘श्रेक २’चे गठ्ठे २००५ च्या पहिल्या महिन्यांत परत यायला लागले. मे महिन्यात कंपनीला जाहीर करावं लागलं की डीव्हीडी अंदाजाएवढ्या खपल्या नाहीत आणि तिमाहीचा नफा अपेक्षेपेक्षा बराच खाली आला. शेअर घसरला. जुलैमध्ये पुन्हा तोच इशारा. भागधारकांनी दावे ठोकले, अमेरिकेच्या भांडवल बाजार नियामकानं विचारणा सुरू केली. त्याच सुमारास पिक्सारलाही ‘द इनक्रेडिबल्स’च्या डीव्हीडींबाबत हेच कबूल करावं लागलं.

वर्षातला सर्वाधिक गल्ला जमवणारा चित्रपट हातात असलेल्या कंपनीवर सहा महिन्यांत बाजाराची माफी मागायची पाळी आली. थिएटरचा एक डॉलरही कमी झाला नव्हता. घसरला होता तो घरातल्या विक्रीचा अंदाज. कंपनीचा श्वास कुठून चालत होता हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसणार? तरीही आजसुद्धा ‘श्रेक २’चं नाव निघालं की ९३ कोटी एवढंच सांगितलं जातं. २००५ च्या त्या उन्हाळ्याबद्दल कुणी बोलत नाही.

पुढे डीव्हीडीचाच बाजार बसला. अमेरिकेत तिची विक्री २००५-०६ च्या सुमाराला माथ्यावर पोचली आणि मग उतरत गेली. ज्या वर्षी चौथा ‘श्रेक’ आला, त्याच २०१० च्या सप्टेंबरात ब्लॉकबस्टर या भाड्यानं चित्रपट देणाऱ्या साखळीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. २०११ मध्ये ड्रीमवर्क्स ॲनिमेशननं आपले पुढचे चित्रपट नेटफ्लिक्सला द्यायचा करार केला. दर चित्रपटामागे ३ कोटी डॉलर, असं तेव्हा छापून आलं होतं. प्रेक्षकानं दुकानात मोजलेले पैसे आणि स्टुडिओला मिळालेलं शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. तरी पहिल्या ‘श्रेक’च्या कॅसेट-डीव्हीडीचे पहिले तीन दिवस आठवा आणि हा आकडा शेजारी ठेवा. पूर्वी प्रत्येक घर प्रत्येक चित्रपटाला वेगळे पैसे मोजत होतं. आता घर वर्गणी भरतं आणि चित्रपटाच्या नावावर काय जमा होतं हे बाहेरच्या माणसाला कळायची सोय नाही.

(‘श्रेक’ मालिका पुढे का खालावली, यावर लोक कथेचा दोष सांगतात. तिसरा भाग फिका होता हे मलाही मान्य आहे. दुसऱ्याची धार पुन्हा आली नाही. पण चौथ्यानंतर पाचवा इतकी वर्षं रखडला याचं कारण निव्वळ कथेत शोधणं मला पटत नाही. ज्या कप्प्यातून नफा येत होता तो कप्पाच रिकामा झाला होता.)

आता मूळ प्रश्न. हे पैसे कुणाचे?

पहिला ‘श्रेक’ घडला तो कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक डेटा इमेजेस या स्टुडिओत. १९८० पासून संगणकावर चित्रं हलवणारी ही मंडळी. श्रेकच्या कातडीचा पोत, गाढवाच्या अंगावरचे केस, चिखल, आग, वाऱ्यानं हलणारं गवत हे त्यांनी एकेका फ्रेमनं उभं केलं. जानेवारी २०१५ मध्ये ड्रीमवर्क्स ॲनिमेशननं हा स्टुडिओ बंद केला. कंपनीतल्या सुमारे पाचशे नोकऱ्या त्या कपातीत गेल्या. तोवर ‘श्रेक’ आणि मांजर मिळून पाच चित्रपटांचा गल्ला साडेतीन अब्ज झाला होता. पुढच्याच वर्षी कॉमकास्टच्या एनबीसी युनिव्हर्सलनं अख्खी ड्रीमवर्क्स ॲनिमेशन ३.८ अब्ज डॉलरला विकत घेतली. त्यात ‘श्रेक’ होता, ‘मादागास्कर’ होता, ‘कुंग फू पांडा’ होता, ड्रॅगनही होते. गल्ला हीच कमाई असती तर हा सौदा जमलाच नसता.

चित्रकारांच्या वाट्याचं तर विचारूच नका. अमेरिकेत नट, गायक आणि चित्रपट लेखकांना चित्रपट पुन्हा विकला की पुन्हा हिस्सा मिळतो. ॲनिमेशन गिल्डच्या करारात काम करणाऱ्या चित्रकारांना आणि कथाफलक रेखाटणाऱ्यांना तसा धनादेश घरी येत नाही. तो पैसा संघटनेच्या आरोग्य आणि निवृत्ती निधीत जमा होतो. निधी हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण पोरानं शंभराव्यांदा डीव्हीडी लावली ती ज्यांनी काढलेल्या गाढवासाठी, त्यांचं नाव त्या विक्रीच्या हिशेबात कुठेच नसावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

भांडून मिळतं, हेही सांगतो. गायिका पेगी ली यांनी डिस्नेच्या १९५५ च्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’साठी गाणी लिहिली, गायली आणि पात्रांना आवाज दिला. आवाजाचे त्यांना ३,५०० डॉलर मिळाले होते. १९८७ मध्ये डिस्नेनं तो चित्रपट कॅसेटवर आणला आणि बक्कळ पैसा केला. ली यांच्या जुन्या करारात विक्रीच्या ध्वनिमुद्रणांबद्दल त्यांचा हक्क राखून ठेवणारं कलम होतं. त्यांनी १९८८ मध्ये दावा लावला आणि १९९१ मध्ये २३ लाख डॉलर मिळवले. घरी बघायच्या कॅसेटची कल्पनाही नसलेल्या काळातलं एक कलम पस्तीस-चाळीस वर्षांनी कामी आलं. पॅसिफिक डेटा इमेजेसमध्ये गाढवाचे केस हलवणाऱ्याच्या हाती असं कुठलंच कलम नव्हतं.

म्हणून आपल्याकडच्या सिनेमाच्या पानांना माझी रोखठोक विनंती आहे. ‘शंभर कोटी’ची पाटी आपल्याही गळ्यात पडली आहे, मराठी चित्रपटांच्या बातम्याही आता तिच्यावाचून लिहिल्या जात नाहीत. गल्ला छापा, जरूर छापा. त्याच्याखाली थिएटरचा वाटा वजा जाता निर्मात्याला अंदाजे किती, हे लिहा. खर्च लिहा. उपग्रह, ओटीटी आणि घरी बघण्याच्या हक्कांचे किती आले, हे निर्मात्याला विचारा आणि त्यानं सांगायला नकार दिला तर तो नकार छापा.

पाचवा ‘श्रेक’ २०२७ मध्ये येणार असं जाहीर झालं आहे. पहिल्या सोमवारी आकडा येईल, प्रचंड असेल आणि सगळीकडे छापला जाईल. वाचकांनो, त्या दिवशी संपादकाला एक पत्र लिहा आणि विचारा: ज्यांनी हा चित्रपट काढला त्या चित्रकारांपैकी किती जण आज पगारावर आहेत?