पंचवीस वर्षांचं आगाऊ बुकिंग

मॉलमध्ये पार्किंगची पावती शोधत खिसे चाचपणाऱ्या गृहस्थाला कुणीतरी हसतमुखाने म्हणतं, "सर, फक्त एक कूपन भरा." चारच दिवसांत फोन येतो, लकी ड्रॉमध्ये त्यांचा नंबर लागलेला असतो. (या ड्रॉमध्ये नंबर न लागलेला माणूस अजून कुणाच्या पाहण्यात नाही.) बक्षीस न्यायला मात्र दोघांनी यायचं असतं. जोडीने बसण्याचा एवढा आग्रह सत्यनारायणाचे गुरुजीही धरत नाहीत.

त्यामागे धोरण आहे. एकटा आलेला नवरा "घरी विचारून सांगतो" म्हणून सहीसलामत सुटतो. बायको शेजारीच बसली की ती वाट बंद.

हॉलमध्ये गोल टेबलं, कानठळ्या बसवणारी गाणी, मुलांना रंगवायला खडू आणि गार झालेले समोसे. समोर बसलेला टायवाला तरुण पाहुण्यांना सुलट दिसावेत म्हणून आकडे उलटे लिहितो आणि तेही सफाईने. त्याचा पहिला प्रश्न, "सर, वर्षाला फिरण्यावर किती खर्च होतो?" गेल्या वर्षी सासुरवाडीला जाऊन आलेले सर बायकोकडे न बघता साठ हजार सांगतात. तरुण लगेच पंचवीसने गुणतो. "म्हणजे सर, पंधरा लाख तुम्ही हॉटेलवाल्याला देणार. आणि हातात काय राहणार?" हाच प्रश्न त्याच्या योजनेलाही विचारता येतो, पण तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर टाळ्या पडतात. कुणीतरी सही केलेली असते.

टाइमशेअरची ही कल्पना मुळात वाईट नाही. १९६०च्या दशकात युरोपात ती रुजली. सुट्टीचं घर वर्षभर रिकामं ठेवून एकट्याने पोसण्यापेक्षा आठवडे वाटून घ्यावेत, इतका साधा हिशेब. १९७४ साली अमेरिकेत आरसीआय नावाची कंपनी निघाली आणि आपला आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून घ्यायची सोय झाली. भारतात १९८६मध्ये स्टर्लिंग आली, १९९६मध्ये क्लब महिंद्रा. पंचवीस वर्षं, दरवर्षी सात रात्री, आणि हंगामाला रंग: जांभळा, लाल, पांढरा, निळा. दिवाळी आणि नाताळ जांभळ्यात. निळा सर्वांत स्वस्त, कारण त्या दिवसांत मुलांची शाळा असते आणि बाहेर बहुधा पाऊस. या सगळ्यात जागेची मालकी मिळत नाही, मिळतो तो राहण्याचा हक्क. सातबारावर नाव लागेल अशा आशेने गेलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता पाठकोऱ्या कागदावरचा हिशेब. समजा, सभासदत्वाला चार लाख लागले आणि वार्षिक देखभाल शुल्क वीस हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६०० रुपये. चार लाख पंचवीस वर्षांत वाटले तर वर्षाला १६,००० होतात. एकूण ३९,६००, सात रात्रींनी भागलं की रात्रीला साधारण ५,६५७. "बघा सर, स्वस्त!" असं तरुण इथेच म्हणतो आणि पेनाला टोपण लावतो.

बँकेतून निवृत्त झालेला एखादा काका मात्र इथून पुढे सुरू होतो. ते चार लाख एफडीत राहिले असते तर सात टक्क्यांनी वर्षाला २८,००० व्याज आलं असतं. ते आणि शुल्क मिळून ५१,६००, म्हणजे रात्रीला ७,३७१. व्याजावर कर पडतो हे खरं, पण मुद्दल पंचवीस वर्षांनीही जागेवर असतं. शिवाय शुल्क दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढलं तर बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट होतं. हॉटेलंही महागतील, या तरुणाच्या म्हणण्यात तथ्य आहे. फरक एवढाच की हात आखडला तर माणूस साध्या हॉटेलात उतरतो, एमटीडीसीच्या खोलीत राहतो, नाहीतर गुहागरला घरगुती जेवणाची पाटी बघून मुक्काम टाकतो. देखभाल शुल्क ज्या वर्षी कुठेच जाणं झालं नाही त्या वर्षीही भरायचं असतं.

आणि जाणं न होणं ही मराठी घराची खासियत आहे. इथे सुट्टीच्या तारखा नवरा-बायको ठरवत नाहीत. त्या मावसभावाच्या मुलीचं लग्न, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गणपती आणि बारावीचा क्लास असे चौघे मिळून ठरवतात. चांगल्या रिसॉर्टमधल्या जांभळ्या हंगामातल्या खोल्या मात्र कित्येक महिने आधी बुक कराव्या लागतात. त्यातून सातही रात्री एकाच ठिकाणी काढायच्या ठरवल्या, तर बघायलाच नको! तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे पॉइंट बघून संपतात, सनराइज पॉइंटला कुणी उठलेलं नसतं, आणि चौथ्या दिवशी रिसॉर्टमधल्या जेवणाचं बिल बघून बाहेर मिसळ कुठे मिळते याची चौकशी सुरू होते. खोलीचे पैसे आधीच भरलेत या आनंदात जेवणाचे आणि प्रवासाचे वेगळे असतात हे विसरायला होतं.

तरी फायदा होणारी कुटुंबंही आहेत. दोघांची नोकरी शाळेत, सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यातच, बरोबर आजी-आजोबा. अशा वेळी हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागतात आणि भाव नेमके तेव्हाच चढलेले असतात. ती मंडळी सहा महिने आधी बुकिंग करतात, स्वयंपाकाच्या ओट्याची सोय असेल तर रात्री खिचडी लावतात, एकही वर्ष चुकवत नाहीत. त्यांचे पैसे वसूल होतात. बाकीच्यांना पुढे केव्हातरी सभासदत्व विकायचं झालं, तर भरलेल्या रकमेच्या जवळपास जाणारं गिऱ्हाईक मिळणं कठीण.

युरोपीय संघाच्या २००८च्या नियमांप्रमाणे असा करार केल्यावर चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि तोवर ग्राहकाकडून आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे करारात लिहिलं असेल तेवढंच हातात, आणि पुढे ग्राहक आयोग. तेव्हा हॉलमध्ये जाणाऱ्यांनी क्रेडिट कार्ड घरी ठेवावं, समोसा खावा आणि कराराची प्रत वाचायला घरी मागावी. शुल्क दरवर्षी किती वाढेल, रद्द केल्यास किती पैसे कापतील आणि दिवाळीतल्या किती खोल्या खरोखर मिळतील, ही तीन उत्तरं लेखी घ्यावीत. ती मिळाली नाहीत तर चार लाख एफडीत ठेवून व्याजावर हॉटेलात राहावं.