उदबत्तीएवढं भोक

आमच्या सोसायटीत गाड्या अठ्ठावीस आणि डॅशबोर्ड एक. तो तळमजल्यावरच्या काकांचा. बाकीच्यांच्या गाडीतही काचेखाली काहीतरी असतं, त्यावर टोलच्या पावत्या, चष्म्याचं घर, शेंगदाण्याची टरफलं पडलेली असतात. पण त्याला डॅशबोर्ड म्हणायला काका तयार नाहीत.

असे एक काका तुमच्याही पार्किंगमध्ये असतील. रविवारी सकाळी गाडीचा दरवाजा सताड उघडा, एक पाय बाहेर, दातात जुना टूथब्रश आणि मान आत, ही खूण. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं न काढणारे आणि शेवटी ते उन्हाने तडकलं तेव्हा घरी नीट न जेवलेले ते हेच. इंजिन खडखडतंय म्हणून सांगितलं तर म्हणतात, "खडखडू दे. दिसतंय का?"

तर गेल्या दसऱ्याला त्या डॅशबोर्डवर संकट कोसळलं. झेंडूचा हार झाला, चाकांखाली लिंबं झाली, काकूंनी केळ्यात उदबत्ती खोचून गणपतीपुढे ठेवली. केळं पिकलेलं होतं, कलंडलं. काका नारळ फोडून येईपर्यंत भोक पडलेलं होतं.

मला बोलावणं आलं. मला भोक दिसेना.

"तिरकं बघ. असं नाही रे, ऊन इकडून आलं पाहिजे."

तिरकं बघितलं. तिळाएवढा ठिपका होता. मी "हां, आहे खरं" म्हणालो, आणि तिथेच चुकलो. त्या दिवसापासून या प्रकरणातला मी साक्षीदार.

नाना पेठेतून जुना डॅशबोर्ड आणून बसवा, असं कुणीतरी सुचवलं. काकांनी त्याच्याकडे, मुलीला किरकोळ ताप आला तर दुसरी मुलगी आणा म्हणणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. त्यांनी अभ्यास सुरू केला. मूळ डॅशबोर्ड म्हणजे घोडागाडीची पुढची फळी, टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून लावलेली, हे मला जिन्यात कळलं. अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी २०१८ साली उन्हात उभ्या केलेल्या गाड्या मोजल्या तेव्हा तासाभरात डॅशबोर्ड सरासरी एकोणसत्तर अंशांवर गेला होता, हे लिफ्टमध्ये. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली नसती तर अंश सेल्सिअस की फॅरेनहाइट हेही मी विचारलं नसतं. सेल्सिअस.

पहिला उपाय एम-सीलचा. दोन गोळ्या मळून भोक बुजवायचं, ही कुणीही करील अशी गोष्ट. पण डॅशबोर्डला कातड्यासारखी बारीक खरखर असते, ती कुठून आणायची? काका भिंग घेऊन फळवाल्याकडे गेले. संत्र्याची साल ढिली म्हणून नापास. मोसंबी पास. चार मोसंब्यांच्या साली फिरवून फिरवून बघितल्यावर फळवाल्याने विचारलं, "साहेब, खायला पाहिजे ना?" काकांनी उत्तर दिलं नाही. ओल्या एम-सीलवर साल दाबली, खरखर झकास उठली, वर बुटाचं पॉलिश चोळलं. डॅशबोर्ड काळा नसून करडा आहे हे त्यांना पॉलिश लावल्यावर दिसलं, पण ते असो.

चौथ्या दिवशी सोसायटीच्या गतिरोधकावर गाडी जरा आपटली आणि ती गोळी टुणकन उडून काकूंच्या पदरात पडली.

तेव्हा काकांनी ग्लव्हबॉक्स उतरवून मागे बॅटरी मारली. आतल्या बाजूला दोन अक्षरं कोरलेली: 'पीपी'. पॉलिप्रॉपिलीन. या जातीच्या प्लास्टिकला सहसा काही चिकटतच नाही. "स्वभावच तसा आहे," काका म्हणाले. त्यात कौतुक होतं.

मग दुसरा उपाय. भोकाच्या कडा पॉलिश पेपरने खरवडायच्या, खायचा सोडा भरायचा आणि वरून त्या चिमुकल्या ट्यूबमधल्या झटपट गोंदाचे थेंब सोडायचे. सोड्याला लागताच गोंद दगड होतो. हे खरंच होतं, मी पाहिलं. एका थेंबात काम झालं असतं. काकांनी तीन ट्यूबा रिकाम्या केल्या, धूळ बसू नये म्हणून काचा लावल्या आणि गाडी दुपारभर उन्हात ठेवली.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा डॅशबोर्डवर पांढरे ठसे उमटले होते. या गोंदाची वाफ घामातेलाच्या डागांवर बसून पांढरी होते. गुन्ह्याच्या तपासात बोटांचे ठसे उठवायला हीच युक्ती वापरतात. ज्या डॅशबोर्डला हात लावायची घरात कुणाला मुभा नव्हती, त्यावर अख्खं घर हजर होतं. एसीच्या जाळीशी नातवाचा पंजा. घड्याळाजवळ जावयाचा अंगठा. आणि डाव्या बाजूला, काचेला लागून, पायाची दहा बोटं.

काकांनी भिंग आणलं. दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटाखाली ठसा तुटलेला होता, मध्ये गोल वळ्याएवढी जागा कोरी. जोडवी.

काकू ओट्यावरचं काम सोडून आल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले.

"तुम्ही पेट्रोल भरायला उतरता ना," त्या म्हणाल्या, "तेवढ्यात मी पाय वर घेते. गुडघे मोकळे होतात. बारा वर्षं झाली."

काका बराच वेळ ठशांकडे बघत राहिले. भोक कुठे होतं ते आता मलाही सापडत नव्हतं.

"चपला काढून घेतेस ना पण?"