टायर काय दूध आहे नासायला?

टायरवाले शेठ,

नमस्कार. त्यापुढचं 'विनंती विशेष' लिहीत नाही, कारण या पत्रात विनंती नाही. तुमचं नाव, दुकानाचं नाव, शहर यातलं काहीही इथे येणार नाही. स्वतःचं दुकान ओळखायला तुम्हाला पाटीची गरज पडू नये. वाचताना आणखी कुणाला हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनीही ते आपलंच समजून ठेवून घ्यावं.

ऑगस्ट 2024 मध्ये मी तुमच्या काउंटरवर टायरवरच्या तारखेचा मोबाइलमधला फोटो धरला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "टायर काय दूध हाय व्हय मालक, नासायला?" दुकानातली चार माणसं हसली. मी वारणानगरचा. दुधाच्या गावच्या माणसाला हा प्रश्न विचारलात, तर उत्तरही ऐकून घ्या.

टायर नासतो, शेठ. दुधासारखा वास सोडून सांगत नाही, म्हणून तर तुमचं फावतं.

आमच्याकडे तारखेशिवाय काही हलत नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख, श्रीखंडाच्या डब्यावर तारीख, साखरेच्या पोत्यावर हंगामाचं साल. शेतात उभ्या असलेल्या उसालासुद्धा लागणीची तारीख असते. ती कारखान्याच्या दप्तरी नोंदलेली असते, कुणाचा ऊस आधी तुटणार हे तिच्यावर ठरतं, आणि ती इकडची तिकडे झाली तर गावात भांडणं होतात. तात्यासाहेब कोरे यांनी इथल्या माळावर सहकार रुजवला. दूध घालायला गेल्यावर लिटर आणि फॅट आपल्यासमोर मोजून लिहून घ्यायची सवय असलेली आम्ही माणसं आहोत. असा माणूस तुमच्या दुकानात आला आणि त्याने तारीख विचारली नाही, ही चूक माझी. ती विचारता येऊ नये अशी व्यवस्था तुम्ही आधीच करून ठेवली होती, ती चूक मात्र तुमच्या खात्यावर.

जूनमधला तो दिवस आठवत नसेल तर आठवण करून देतो. माझी गाडी डॉमिनार 400, मागचा टायर 150/60 आर 17. जुन्याची खाच अजून शिल्लक होती, पण तो मधोमध चपटा झाला होता. वाठारला पुणे-बंगळूर महामार्गाला लागलं की कराड, सातारा करत पुण्यापर्यंत चाक मधल्या पट्ट्यावरच चालतं, आणि तेवढाच पट्टा घासत राहतो. मग गोल टायरला चौकोनी खांदे येतात. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. वळणावर गाडी कलवली की पायरीवरून पाय सुटावा तशी ती एकदम खाली जाते. पावसाळा तोंडावर होता, सासुरवाडी आंबा घाटाखाली साखरप्याकडे, म्हणून टायर बदलायला आलो होतो.

मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की मला स्पोर्ट-टूरिंग जातीचा टायर हवाय. ही जात आमच्यासारख्या ठिकाणच्या माणसासाठीच असावी असं वाटतं. एका हाताला महामार्ग, दुसऱ्या हाताला सह्याद्री. कोडोलीवरून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं, बांबवडे आणि मलकापूर मागे पडलं, आंबा घाट सुरू झाला की गाडी टायरच्या कडांवर चालायला लागते. म्हणून या जातीतल्या बऱ्याच टायरांत दोन प्रकारचं रबर असतं. मधला पट्टा कडक, तो महामार्गावर किलोमीटर देतो. कडा मऊ, त्या वळणात रस्ता धरतात. रबरात सिलिका मिसळलेली असते, ओल्या आणि थंड डांबरावरची पकड तिच्यामुळे राहते. मिशेलिनचा रोड, पिरेलीचा एंजल, मेट्झेलरचा रोडटेक ही सगळी याच कुळातली नावं. खास शर्यतीचा टायर चिखलमिश्रित पावसात गार पडतो, आणि नुसता टिकाऊ टायर वळणात दगा देतो. मधला मार्ग काढायचा तर हा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी खिशाला चाट बसते. मी ती सोसायला तयार होतो.

तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, "किलोमीटर किती पायजेत?" आम्ही मराठी माणसं या शब्दाला भुलतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. गाडी किती देते आणि टायर किती पळतो, यापलीकडे आमची चौकशी जात नाही. ओल्या वळणावर दोन माणसांचं वजन तळहाताएवढ्या दोन रबरी ठशांवर तोललेलं असतं. ते ठसे रस्ता धरतात की नाही, हा प्रश्न तुम्ही मला विचारला नाहीत आणि मीही तुम्हाला विचारला नाही.

मग तुम्ही काठीने दुकानाच्या पुढच्या बाजूला, पत्र्याच्या कडेला दोरीने टांगलेला एक टायर उतरवलात. "इंपोर्टेड हाय. आता मिळत न्हाई." तुमच्या पोराने त्यावर काळं पॉलिश मारलं. टायर चकचकीत झाला. बाणाची दिशा बघून बसवला, बॅलन्सिंग केलं, हात पुसले. तेवढ्यापुरतं काम चोख होतं, ते मी नाकारत नाही.

'मिळत नाही' हे खरं होतं. 12 जून 2020 ला केंद्र सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यात मोटारसायकलचे टायरही आले. परवान्याशिवाय माल येणं थांबलं आणि त्याआधी येऊन पडलेल्या मालाला सोन्याचा भाव आला. धोरण देशातल्या कारखानदारीसाठी होतं. आज अपोलो, एमआरएफ, टीव्हीएस युरोग्रिप मोठ्या गाड्यांसाठी चांगले रेडियल बनवतात, त्याचा मला आनंद आहे. पण त्या निर्बंधाचा तुम्ही लावलेला अर्थ वेगळा होता. जुना माल जेवढा जुना, तेवढा दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून महाग. पितळेची समई असती तर मी मान डोलावली असती.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि सौ. घाट उतरत होतो. धुकं, बारीक पाऊस, वेग तिशीच्या आसपास. डाव्या वळणावर मागचं चाक कोणतीही सूचना न देता बाहेर सरकलं. चांगला टायर सुटण्याआधी थोडं हलून सांगतो, सावरायला अर्धा क्षण देतो. याने दिला नाही. गाडी आडवी झाली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक लावला, त्याचे उपकार आहेत. मला खरचटलं. सौ.च्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. ती शिक्षिका आहे. सहा आठवडे तिच्या हातात खडू आला नाही.

अपघाताचं सगळं खापर मी टायरवर फोडणार नाही. रस्ता ओला होता, वळणावर बारीक खडी होती, कदाचित माझा हातही क्षणभर चुकला असेल. टायर ताजा असता तर मी पडलोच नसतो, असं शपथेवर सांगता येत नाही. पण काय घेऊन घाटात उतरतोय हे मला माहीत असतं, तर मी सौ.ला मागे बसवून उतरलो नसतो. हा निर्णय माझा होता, आणि तो तुम्ही माझ्याकडून काढून घेतलात.

घरी अंगणात गाडी धुताना साखळीच्या बाजूला टायरवर एक स्टिकर दिसलं, कडा ग्रीसने काळ्या झालेल्या. तुमच्या दुकानाचं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' नखाने सोललं. खाली लंबगोल चौकटीत चार आकडे होते, 3719. सन 2000 पासून ही पद्धत आहे, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2019 चा सदतिसावा आठवडा म्हणजे सप्टेंबर. निर्बंध येण्याच्या नऊ महिने आधीचा माल. मला नवाकोरा म्हणून विकलेल्या टायरने चार पावसाळे बघितले होते, तेही पत्र्याच्या कडेला टांगून. मोठ्या टायरवर स्टिकर लावायला जागा कितीतरी होती, शेठ. तुमच्या हाताला बरोबर तीच सापडली.

आता तुमच्या दुधाच्या प्रश्नाकडे येतो. रबरात गंधक घालून ते भाजतात, तेव्हा त्याच्या लांबलांब साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि टायरला ताकद येते. कारखान्यातून बाहेर पडल्यावर ही जोडणी पुरती थांबत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन ती हळूहळू पुढे रेटत राहतात. रबर मऊ ठेवणारी तेलं उडून जातात. टायर कडक होत जातो. हवेतला ओझोन पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा पाडतो. त्याला अडवायला कंपन्या रबरात मेण मिसळतात, आणि टायर फिरताना, दबताना ते मेण वर येऊन पातळ थर धरतं. दोरीला टांगलेला टायर ना फिरतो ना दबतो. त्याच्या अंगावर वर्षानुवर्षं नुसतं ऊन पडतं. आणि कडक झालेल्या रबराची जी पकड सगळ्यात आधी जाते ती गार, ओल्या रस्त्यावरची. मी ज्या गोष्टीचे जास्तीचे पैसे मोजले, नेमकी तीच.

सांभाळून ठेवलेला टायर पाच वर्षांत कचरा होतो असंही मी म्हणणार नाही. अंधाऱ्या, थंड, कोरड्या गोदामात उभा ठेवलेला माल बराच काळ चांगला राहतो. मोठ्या कंपन्या वापरातला टायर पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यायला सांगतात, आणि दहा वर्षं झाली की दिसायला कसाही असला तरी बदलायला सांगतात. तुम्ही म्हणाला असतात, "मालक, 2019 चा हाय, निम्म्या किमतीत देतो, महामार्गापुरता वापरा," तर तो सरळ व्यवहार झाला असता. काही जणांनी घेतलाही असता. किंमत नव्याची आणि वय झाकलेलं, याला व्यवहार म्हणत नाहीत.

कायदाही तुमच्या मदतीला धावून येतो, हे मान्य. दुचाकीच्या टायरची खाच 0.8 मिलीमीटरपर्यंत उतरली की तो टायर बाद. कायदा खाच मोजतो, वय मोजत नाही. म्हणून ग्राहक वाकून नक्षी बघतो, नख घालून खोली बघतो आणि समाधानाने पैसे देतो. तुमच्या टायरची नक्षी सुरेख होती.

माझ्या बाजूने करायचं ते सगळं मी केलं होतं. नव्या टायरच्या अंगावरची गुळगुळीत साय निघेपर्यंत पहिले दीडशे किलोमीटर गाडी बेताने चालवली. दर रविवारी सकाळी टायर थंड असताना हवा बघितली, कारण पाच-सहा अंश तापमान उतरलं की साधारण एक पीएसआय हवा कमी दिसते, आणि वारणेच्या काठावरचं आणि आंबा घाटातलं तापमान सारखं नसतं. खाचांत अडकलेले खडे काढले. इथे हंगामात रस्त्यावर उसाची चिपाडं, ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल आणि तारेचे तुकडे पडलेले असतात, त्यामुळे टायरवर रोज नजर टाकण्याची आम्हाला सवयच लागते. एवढी निगा राखली ती अशा टायरची, ज्याचं आयुष्य मी त्याला भेटण्याआधीच तुमच्या पत्र्याखाली सरलं होतं.

पैसे परत मागायला मी पुन्हा येणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मालाची खरी माहिती मिळण्याचा हक्क देतो, त्या वाटेने काय करायचं ते मी करेन. तुम्ही एवढं करा. पत्र्याखाली अजून टांगलेले टायर खाली उतरवा. प्रत्येकाची तारीख खडूने वर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि आजवर त्या चार आकड्यांवर स्टिकर चिकटवून जेवढे टायर विकलेत, त्या गिऱ्हाइकांना फोन करा. वहीत नंबर आहेत, माझाही तुम्ही लिहून घेतला होता. घाटात पुन्हा पाऊस लागायच्या आत करा.

सप्टेंबरमध्ये मी दुसरीकडून टायर घेतला. त्यावर 2724 आहे. त्या दुकानदाराने मी न विचारता टॉर्च मारून ते आकडे आधी दाखवले, मग किंमत सांगितली.

एक ग्राहक,
वारणानगर, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर